उघडी नाळ आणि बंद नाळ

पंचगंगेला पूर चढू लागला की नदीकाठच्या गावांतून गुऱ्हाळघरातील काहील बाहेर काढली जाई. उसाचा रस आटविण्यासाठी घडविलेले हे रुंद, उथळ लोखंडी भांडे पाण्यावर उत्तम तरंगते. वैरणीचे भारे, धान्याची पोती आणि प्रसंगी माणसेही त्यातून पैलतीरी गेली आहेत. परंतु काहिलीला पुढची बाजू नाही आणि मागचीही नाही. प्रवाहाच्या मनात आले की ती जागच्या जागी गिरकी घेते. होडीला नाळ कशासाठी असते, हे काहिलीत बसून पूर ओलांडलेल्या माणसाला वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

नाळ म्हणजे होडीचे पुढचे निमुळते टोक. लाट प्रथम तिच्यावर आदळते आणि दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जाते. वल्ह्याच्या होडीत नाळेचा प्रश्न एवढ्यावरच संपतो. होडीला इंजिन बसले की मात्र तो नव्याने उभा राहतो, कारण त्या जागी माणसे बसवावयाची की ती वरून फळीने अथवा फायबरच्या आवरणाने झाकून टाकावयाची, हे ठरवावे लागते. सहलीच्या यांत्रिक होड्यांचे यावरूनच दोन प्रकार पडले आहेत. उघड्या नाळेच्या होडीत चालकाच्या काचेपुढे बैठका असतात. वारा तोंडावर घेत जाण्याची हौस तेथे भागते, आणि तेवढ्याच लांबीच्या होडीत तीन-चार माणसे अधिक मावतात. बंद नाळेच्या होडीत ही जागा झाकलेली असते. तिच्यावर चढलेले पाणी आत न शिरता बाजूंनी ओघळून जाते. खाली दोर, नांगर व सामान ठेवता येते, मोठ्या होडीत एखादी छोटी खोलीही होते.

रंकाळ्यासारख्या तळ्यात, संथ पाण्यावर आणि बेताच्या वेगात, दोहोंत फारसा भेद जाणवत नाही. भेद दिसतो तो राधानगरी, कोयना किंवा उजनी यांसारख्या विस्तीर्ण जलाशयांत. वाऱ्याला जितके लांब मोकळे पाणी मिळते तितकी लाट वाढत जाते. धरणाचे पाणी सकाळी आरशासारखे असते म्हणून ते संध्याकाळीही तसेच राहील, असे समजणे धोक्याचे आहे. दिनांक २१ मे २०२४ रोजी सायंकाळी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात सापडून उलटली. सातांपैकी एक जण पोहून काठाला लागला. सहा जण बुडाले.

उघड्या नाळेत एक लाट शिरली तर काय होते, याचा हिशेब साधा आहे. दीड मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद जागेत केवळ २० सेंटिमीटर पाणी साठले, तरी त्याचे वजन पावणेचारशे किलो भरते. पाच-सहा प्रौढ माणसे एकाएकी पुढे येऊन बसावीत, तसाच हा प्रकार. नाळ खाली दबते आणि पुढची लाट अधिक सहजपणे आत येते. शिवाय माणसे एका जागी बसतात, पाणी तसे बसत नाही. होडी कलेल त्या बाजूला ते धावते आणि तिला आणखी कलविते. भरधाव होडीचा वेग चालकाने एकदम तोडला, तर वर उचललेली नाळ धपकन खाली येते आणि लाट नसलेल्या ठिकाणीही पाणी आत घेते. पुढच्या कठड्यावर बसण्याची तरुणांची आवड तर सर्वांत घातक, कारण तेथून पडलेला माणूस सरळ पंख्याच्या वाटेत येतो.

मग बंद नाळच श्रेष्ठ म्हणावी काय? कोल्हापूरचा अनुभव याला सहज होकार देऊ देत नाही. राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट ही इशाऱ्याची आणि ४३ फूट ही धोक्याची पातळी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. जुलै २०२१ मध्येही ते धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर होते. चिखली, आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातील गावांतून माणसे होडीनेच बाहेर काढावी लागली. अशा वेळी नाळ माडीच्या कठड्याला किंवा कौलांच्या वळचणीला टेकवावी लागते आणि तेथूनच वृद्ध स्त्रीला, तान्ह्या मुलाला आत घ्यावे लागते. झाकलेली, निसरडी नाळ येथे अडचण ठरते. बचाव पथकांच्या रबरी होड्या उघड्या असतात त्या याचसाठी. त्यांचे तरंगणे आत पाणी नसण्यावर अवलंबून नसते, तर कडेच्या हवाबंद नळ्यांवर असते. नळीचे कप्पे वेगवेगळे असल्याने एखादा फाटला तरी उरलेले होडीला धरून ठेवतात. त्यांना भय असते ते पाण्याखाली दडलेल्या पत्र्याच्या कडेचे आणि कुंपणाच्या काटेरी तारेचे.

याच महापुरात ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ग्रामस्थांना घेऊन निघालेली होडी उलटली आणि दहाहून अधिक जणांचा अंत झाला. त्यांत स्त्रिया होत्या, मुले होती. होडीत तिला पेलेल त्याहून अधिक माणसे चढली होती. अशा भारापुढे नाळ उघडी की झाकलेली, हा वाद गौण ठरतो. कड पाण्यापासून वीतभरच उरली की कोणतीही रचना तारू शकत नाही. अमेरिकेत २० फुटांखालील बहुतेक यांत्रिक होड्यांवर किती माणसे व किती वजन चालेल याची पट्टी लावणे बंधनकारक आहे. आपल्याकडे १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ मध्ये आला असून यांत्रिक होड्यांची नोंदणी व तपासणी त्याखाली होते.

होडी खरेदी करणाऱ्या ग्रामपंचायतीने वा सहलीचा व्यवसाय करणाऱ्याने, म्हणूनच, ती कोणत्या पाण्यावर चालणार हे प्रथम ठरवावे. जलाशयावर वारा अंगावर घेत पैलतीर गाठावयाचा असेल तर बंद नाळ घ्यावी. पुराच्या कामाला उघडी घ्यावी, मात्र हवेचे कप्पे असलेलीच. आधीच उघड्या नाळेची होडी असेल तर पुढच्या भागावर ताणावयाचे ताडपत्रीचे आच्छादन, काचेच्या मधले दार आणि पाणी बाहेर जाण्याची मोकळी छिद्रे यांवर होणारा खर्च थोडा असतो. वारा सुटताच पुढच्या बैठका रिकाम्या करून माणसे मधल्या भागात घ्यावीत, वेग हळूहळू उतरवावा आणि लाट किंचित तिरकी घ्यावी. जीवरक्षक जाकीट काठावरच बांधून घ्यावे, कारण होडी हेलकावू लागल्यावर बंद बांधावयास हात मोकळे राहत नाहीत.