फणीतले केस आणि पानातले अन्न



शिक्षण माझे सातवीपर्यंतचे. अनुभवाचे तेवढे सांगते. मधुमेहामुळे डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले. ९ किलो उतरले आणि तिसऱ्या महिन्यात फणीत केसांचे पुंजके येऊ लागले. सांगलीच्या नणंदबाई म्हणाल्या, “वहिनी, पथ्य सोडा!” डॉक्टर म्हणाले, “सोडू नका. रोज ५० ते १०० केस सर्वांचेच गळतात. वजन झपाट्याने उतरले की २-३ महिन्यांनी अधिक गळतात. मुळे शाबूत असतात. बहुधा ६ महिन्यांत गळती थांबते.” रक्त व थायरॉइड तपासून घेतले. भात कमीच ठेवला, पण कोरेगावचा वाघ्या घेवडा, मटकीची उसळ, ताक रोज पानात आले. आता कपाळाशी कोवळे केस दिसतात. भगिनींनो, सर्वांना वाढून उरेल ते खाणे म्हणजे पथ्य नव्हे. उसळीची वाटी आपल्यासाठीही काढून ठेवा.