पात्याला नाव नसतं

क्रिसबद्दल आज बोलणार नाही. नागमोडी पात्याचा तो इंडोनेशियन खंजीर चित्रांतून सगळ्यांच्या ओळखीचा आहे. आपण वळू तिथल्याच वाकड्या पात्यांकडे. (मागून आवाज : ‘कोयता गँगकडे!’ हशा.) पुण्यात हा विषय घेतला तेव्हाच हे ऐकायची तयारी ठेवली होती.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे वेळ संपला तरी चुकामूक नको. विळ्यासारख्या हत्याराचं नाव पात्याच्या वळणावरून ठरवू नये; ते कोण, कुठे, कशासाठी हातात धरतं, यावरून ठरवावं. जावात शेतकरी गुरांसाठी गवत कापतो तो अरित. शेजारच्या मदुरा बेटावरचा चेलुरित : पातं लांब, प्रश्नचिन्हासारखं वळलेलं, धार आतल्या अंगाला, टोक अणकुचीदार. पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ लोकांचं करांबित मात्र पंजात मावतं. मुठीच्या टोकाला कडं असतं. त्यात तर्जनी घालून मूठ आवळली की पातं करंगळीच्या बाजूने बाहेर डोकावतं. तरुण मंडळींनी 2014च्या ‘द रेड 2’मध्ये पाहिलं असेल. बघा, माना हलल्या.

आता घोटाळा कुठे होतो? इंडोनेशियन भाषेच्या जुन्या डच वळणाच्या लेखनात ‘च’साठी टी आणि जे ही अक्षरं यायची, ‘उ’साठी ओ आणि ई. 1947 साली ‘उ’ सुटसुटीत झाला, ‘च’ला ‘सी’ मिळायला मात्र 1972 उजाडलं. त्यामुळे वर्णक्रमाने लावलेल्या यादीत चेलुरित कधी टीखाली, कधी सीखाली. संग्राहकाला वाटतं, दोन हत्यारं आहेत!

उलट इंडोनेशियाचा 1951चा आणीबाणी कायदा बघा. त्यात धारदार हत्यार बेकायदा बाळगलं तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा होती. पण शेतीचं, घरकामाचं किंवा रीतसर धंद्याचं अवजार असेल, वारशाची वस्तू असेल, तर सूट होती. म्हणजे वळण कोणी मोजत नाही, प्रयोजन विचारतात. माझं म्हणणं याहून वेगळं नाही. (एक श्रोता : ‘पण वकील काहीही प्रयोजन सांगेल!’) सांगू दे हो, तुम्ही न्यायाधीश व्हा. (हशा.) आणि 1966 साली तिथे साम्यवादावर बंदी आली, तेव्हा ‘पालु अरित’ म्हणजे हातोडा-विळ्याचं चित्र निषिद्ध ठरलं, गवत कापणारा अरित मात्र रोज बांधावर. आपल्याकडे निवडणुकीत विळ्यासमोरचं बटण दाबता येतं, तेवढं बरं. (हशा.)

साकेराची गोष्ट दोन वाक्यांत सांगणार होतो. पूर्व जावातल्या बांगिलजवळच्या साखर कारखान्याचा हा मदुरी मुकादम. लोककथा म्हणते, त्याने डच मालकांशी दावा मांडला, दगा झाला, पकडला गेला आणि फाशी गेला. लुद्रुक या तिथल्या लोकनाट्यात तो आजही येतो : लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा, वर काळा अंगरखा, मिशा आणि हातात चेलुरित. कारखान्याच्या मुकादमाच्या हाती तलवार नाही, बंदूक नाही, उसाच्या फडातल्या माणसाच्या हाती शोभेल असं वाकडं पातं! आपल्या ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात, मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. बीडकडची मंडळी इथे बसली आहेत, त्यांना हे मी सांगायला नको. तिथे साकेराची ओळख चेलुरित, इथे जोडीचं नावच कोयता. साकेराच्या मागे लागलं की थांबवत नाही...

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. म्हणजे चारोक घाईत. मदुरेतली ही अब्रूवरून होणारी रक्तरंजित झुंज. लतीफ वियाता यांचं 2002चं पुस्तक वाचा, अपमान आणि प्रतिष्ठेचा हिशेब तिथे नीट मांडला आहे. एवढंच लक्षात ठेवा, की चेलुरित दिसला म्हणजे चारोकचा असं नाही. बाजारात तो शेतकरीही घेतो. कुजांग, सुंदा लोकांचं ते भोकं असलेलं पातं, पश्चिम जावाच्या बोधचिन्हात आहे, ते राहिलंच.

एक चिठ्ठी आली आहे. ‘माझ्याकडे आजोबांनी जावाहून आणलेलं वाकडं पातं आहे, मूठ हरवली आहे, नाव सांगाल का?’ नाही सांगणार. नुसतं पातं बघून नाव सांगितलं, तर इतका वेळ बोललो ते वाया. आजोबा तिथे काय करत होते, ते आधी घरी विचारून या.