भूत बाहेर, बाई आत

(देवळा येथील शिबिरात बचत गट व महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



काल रात्री आपण सगळ्यांनी मिळून ‘झोंबिवली’ पाहिला. पहिला अर्धा तास निम्म्या जणींनी पदर डोळ्यांवर घेतला होता, आणि नंतर त्याच सगळ्यात मोठ्याने हसत होत्या. आज चहाच्या वेळी एका ताईंनी विचारलं, आपण अंधश्रद्धेविरुद्ध बोलतो आणि शिबिरात असला पिक्चर दाखवतो, हे कसं? प्रश्न रास्त आहे. मला बोलायचं आहे कायद्यावर, पण आधी या प्रश्नावर बोलते.

‘झोंबिवली’ २०२२ च्या २६ जानेवारीला आला. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार. डोंबिवलीतला एक टॉवर, त्याच्या शेजारी झोपडवस्ती. टॉवरमध्ये नुकतेच राहायला आलेले सुधीर आणि सीमा, सीमा गरोदर. त्यांच्याकडे काम करणारी मालती. वस्तीत पाण्यासाठी भांडणारा विश्वास. एरवी एकमेकांचं तोंडही न पाहणारी ही माणसं एकत्र अडकतात, आणि बाहेर झोंबी.

आता हा झोंबी आपल्या भुतासारखा नाही, हे लक्षात घ्या. त्याला अमावास्या लागत नाही. तो लिंबाला भीत नाही. त्याला उतरवायला देवऋषी चालत नाही. तो होतो दूषित पाण्यातून, कुणाच्या तरी नफ्याच्या हावेतून. म्हणजे भुताला इथे कारण आहे, आणि ते कारण माणसांनी केलेलं आहे. ज्या बाईने गावात हंडाभर पाण्यासाठी टँकरमागे धाव घेतली आहे, तिला हे समजावून सांगावं लागत नाही. काल मध्येच एक मावशी म्हणाल्या, “ही मालती इथे अडकली, तिच्या घरी चूल कोण पेटवत असेल?” मला वाटतं, कोणत्याही समीक्षकापेक्षा त्यांनी पिक्चर नीट पाहिला.

अनोळखी माणसं एका घरात कोंडलेली आणि बाहेर मेलेल्यांचा वेढा, ही कथा सिनेमात रुळवली ती जॉर्ज रोमेरो या अमेरिकन दिग्दर्शकाने, १९६८ साली, ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये. त्यात शेतावरच्या एका घरात सात माणसं अडकतात. दारं-खिडक्यांना फळ्या ठोकायच्या की तळघरात लपायचं, यावरून आतच भांडणं होतात. डोकं शाबूत ठेवून सगळ्यांना सांभाळू पाहणारा बेन हा काळा माणूस आहे. रात्रभर तो एकटा वाचतो. सकाळी बंदुका घेऊन मदतीला आलेली माणसं त्यालाच भूत समजून गोळी घालतात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती. अमेरिकेतल्या प्रेक्षकांना काय दिसलं असेल, याची कल्पना करा.

आपल्याकडची भुतं मात्र वेगळ्या घरची. २००४ च्या ‘पछाडलेला’मध्ये वाड्यातल्या भुताचा एकच धोशा, लगीन. २०२४ चा ‘मुंज्या’ हिंदीत आहे, पण गोष्ट कोकणातली, आणि दिग्दर्शक पुन्हा सरपोतदारच. मुंज झालेल्या पोराला एक मोठी मुलगी हवी असते. ती मिळत नाही म्हणून तो स्वतःच्या धाकट्या बहिणीचा बळी द्यायला निघतो, त्यात स्वतःच मरतो, आणि पुढच्या पिढ्यांना छळतो. थिएटरात लोक खो-खो हसत होते. मीही हसले. पण जरा थांबून पाहा: नकार न ऐकणारा मुलगा मेल्यावरही नकार ऐकत नाही. असे जिवंत मुंजे एसटी स्टँडवर रोज उभे असतात.

आणि बाई भूत होते ती कशी? आपल्या आज्यांनी सांगितलेली नावं आठवा. हडळ, अलवंतीण: बाळंतपणात किंवा विटाळात मेलेली. लावसट: विधवा मेलेली. जखीण: सवाष्ण मेलेली. म्हणजे बाई कशीही मेली तरी तिच्यासाठी एक नाव तयार आहे. पुरुषाचं भूत होतं त्याची इच्छा राहिली म्हणून, आणि हडळ होते ती वेळेवर सुईण, गाडी, रक्त मिळालं नाही म्हणून. तिला मरू कोणी दिलं, हे न विचारता तिलाच भ्यायचं, ही सोय फार जुनी आहे. आमच्या एका कार्यकर्तीने गावातल्या हडळींच्या गोष्टी उतरवून घेतल्या, तर प्रत्येक गोष्टीच्या तळाशी एक बाळंतीण सापडली.

पडद्यावर भुतं बाहेर असतात आणि माणसं आत. आपल्या भागात हे उलटं असतं. १ जुलै २०१८ ला शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला काय झालं ते तुम्ही विसरला नसाल. मुलं पळवणारी टोळी आली, अशी फोनवरून पसरलेली अफवा. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने ठार मारलं. त्या खोलीत अनोळखी माणसं होती आणि बाहेर कोण होतं? रोज शेतावर जाणारे, पोरांना शाळेत सोडणारे लोक.

दुसरी हकीकत मी गावाचं नाव न घेता सांगते. चार वर्षांपूर्वी एका पाड्यावरच्या विधवेला भगताने डाकीण ठरवलं. पोराला ताप आला आणि एक म्हैस आटली, एवढं पुरलं. त्याच्या आधी दोन महिने तिने नवऱ्याच्या वाट्याच्या जमिनीवर आपलं नाव लावायला अर्ज केला होता, हे मात्र कुणी बोललं नाही. रात्री लोक जमले. आत ती आणि तिची सून. ती आम्हाला म्हणाली, “ताई, मी दाराच्या फटीतून पाहिलं नाही. नुसते आवाज ऐकले. यातल्या तिघांचा पहिला आवाज मीच ऐकला होता, माझ्या हातावर जन्मले ते.”

पुढचं ती सांगते तेव्हा हसते, आणि आपल्याला हसावं की नाही कळत नाही. दगड पडायला लागले, आणि एकाच्या खिशातला फोन वाजला. लग्नातलं डीजेचं गाणं. दोघे-चौघे हसले. ज्याचा फोन, तो बाजूला जाऊन बोलायला लागला, बाकीचे त्याच्यासाठी थांबले. तेवढ्या वेळात सुनेने मागच्या बाजूने अंगणवाडी सेविकेचं घर गाठलं. सेविकेने पोलीस पाटलाला उठवलं. दोघी वाचल्या. बाई आता लेकीकडे राहते. जमिनीचा निकाल अजून लागलेला नाही.

म्हणून मला भयाबरोबर हसू असलेला सिनेमा उपयोगाचा वाटतो. भगताचा धंदा चालतो तो गंभीर चेहऱ्यांवर. एकजण हसला की घोळका क्षणभर सुटी सुटी माणसं होतो. अर्थात हसू कुणाला, हे पाहायलाच हवं. अंगात आलेल्या बाईची नक्कल करून हसवणं आपल्याला नको. वर्षभर सासरी तोंड न उघडणारी बाई एका दिवशी केस सोडून सासऱ्याला अरे-तुरे करते, त्यात तिला काय मिळतं, हे आपण समजून घेऊ. सप्तशृंगीच्या यात्रेला देवळ्यावरून पायी जाणारे जथे आपण पाहतो. गडाखाली महिषासुराच्या मुंडक्यालाही लोक नमस्कार करून वर जातात. आपल्या लोकांचं राक्षसाशी नातं इतकं साधं नाही, तेव्हा आपणही फार शहाणपण न मिरवलेलं बरं.

आता कायदा. वर्षानुवर्षे रखडलेला हा कायदा डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाल्यावर आधी वटहुकूम म्हणून आला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने मंजूर केला. भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, चपला भिजवलेलं पाणी पाजणं हा गुन्हा आहे. अमुक बाई करणी करते, जनावरांचं दूध आटवते, रोगराई आणते, असं भासवून तिचं जगणं अवघड करणं हाही गुन्हा आहे. कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त सात वर्षे कैद, शिवाय ५ हजार ते ५० हजार दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. म्हणजे ठाण्यात “कोर्टात जा” असं सांगून परत पाठवता येत नाही. दक्षता अधिकारी म्हणून पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी नेमलेला असतो. त्याला नावाने विचारा.

आणि तक्रारीत नुसतं “त्रास दिला” असं लिहू नका. कोण काय बोललं, त्या आधी जमिनीचा, पैशाचा, मागणी नाकारल्याचा काय वाद होता, तो तारखेसह लिहा.

जेवणानंतर गावानुसार बसू. आपल्या गावात एकटी राहणारी बाई कोण, तिच्या घराला मागचं दार आहे का, तिथून सगळ्यात जवळचा भरवशाचा फोन कुणाकडे, एवढं प्रत्येक गटाने कागदावर लिहून आणायचं आहे.