जॅकेट कुठे राहिलं?

(हेन्डरसन येथील स्नेहमेळाव्यातील भाषण)

आत येताना आपण सगळ्यांनी ओले रेनकोट दाराजवळच्या क्लोकरूममध्ये टांगले. या शब्दाने आमच्या घरी एकदा मोठा गोंधळ घातला होता, तो सांगते.

माझी आई पहिल्यांदाच इथे आली होती. लेक शाळेतून आली ती कुडकुडत. "आजी, जॅकेट क्लोकरूममध्ये राहिलं!" आई घाबरलीच. "अगं, स्टेशनवर कशाला गेली होतीस? आणि पावती कुठाय?"

आईचं तरी काय चुकलं? आपल्याकडे क्लोकरूम म्हणजे दादर नाहीतर पुणे स्टेशनवरची. बॅगेला कुलूप हवं, तिकीट दाखवायचं, पावती जपायची, आणि जितके दिवस सामान राहील तितकं भाडं वाढणार. इथल्या शाळेत मात्र वर्गाबाहेर नुसत्या खुंट्या. इंग्लंडमध्ये तर हाच शब्द आडपडद्याने स्वच्छतागृहालाही वापरतात!

मग मी शब्दकोश काढला. क्लोक म्हणजे खांद्यावरून घ्यायचा बिनबाह्यांचा पायघोळ झगा. शब्द आला मध्ययुगीन लॅटिनमधल्या घंटेच्या नावावरून, कारण झग्याचा आकार घंटेसारखा. गंमत म्हणजे घड्याळाचा 'क्लॉक'ही त्याच घंटेतून निघाला. तेव्हा आपल्याकडे कुणी 'क्लॉकरूम' म्हणालं तर हसू नका बरं का, दोन्ही शब्द भावंडंच आहेत.

"मराठीत काय म्हणायचं गं?" लेकीने विचारलं. आई म्हणाली, "माझ्या आजोळी कोकणात पडवी होती. इरलं, घोंगडी, छत्री, सगळं तिथे खुंटीला. पावसातून आलेला माणूस आधी पडवीत निथळायचा, मग घरात. त्याला वेगळी खोली कशाला?"

दुसऱ्या दिवशी लेक दारातूनच ओरडली, "आजी, जॅकेट पडवीत टांगलंय!" आमच्या घराला कसली पडवी? दाराशी चार हुक, एवढंच. पण त्या दिवसापासून ती पडवी झाली.

आई जाऊन आता चार वर्षं झाली. लेक शिकायला वेलिंग्टनला असते. परवा फोनवर बोलता बोलता म्हणाली, "थांब गं आई, ओली छत्री पडवीत ठेवून येते." मला पुढे काही बोलवेना.

मंडळी, आपण मुलांसाठी मराठी जपतो, पण पुष्कळदा कुलूप लावून, सणासुदीला बाहेर काढायला. तसं नको. ती पडवीतल्या खुंटीला असू दे, येताजाता हाताशी.

जाताना आपापले रेनकोट पडवीतून आठवणीने घ्या.