लिथुआनियन पानगळ आणि हरवलेली पंचमी

परकी भाषा शिकतांना आरंभ व्याकरणाच्या कोष्टकांपासून करावा कीं गोष्टीपासून, हा वाद जुना आहे. लिथुआनियन भाषेपुरता मी गोष्टीचा पक्ष घेतों. आणि तीही पानगळीची असावी, असें म्हणतों.

गोष्ट चारच वाक्यांची आहे. 'आतेयो रुदुओ': शरद् आला. 'गेर्वेस स्क्रेंदा': क्रौंच पक्षी उडत चालले आहेत. 'लापस क्रिंता नुओ मेज्यो': झाडावरून पान पडत आहे. 'लापो नेबेरा': पान आतां उरलें नाहीं.

'रुदुओ'चें नातें 'रुदस' म्हणजे तांबूस-तपकिरी या विशेषणाशीं आहे. तेव्हां आपला निरभ्र, चांदण्याचा शरद् येथें डोळ्यांपुढें आणूं नये. आपली पानगळ शिशिरांतली. तिकडे नोव्हेंबर महिन्याचें नांवच 'लापक्रितिस', म्हणजे पानगळ. 'रुदुओ'ची षष्ठी 'रुदेन्स' होते; प्रथमेंत लपलेला 'न्' पुढें प्रकट होतो. संस्कृत जाणणाऱ्यास यांत नवल वाटूं नये. 'अश्मा', 'अश्मनः' हें आपण पाठ केलेलेंच आहे, आणि दगडाला लिथुआनियन शब्द आहे 'आक्मुओ', षष्ठी 'आक्मेन्स'. क्रौंच एक असो वा थवा असो, क्रियापद मात्र 'स्क्रेंदा'च राहतें.

अशीं साम्यें पुष्कळ दाखवितां येतील. 'उग्निस' म्हणजे अग्नि, 'विल्कस' म्हणजे वृक. 'वृकम्' याच्या जागीं 'विल्का' येतें, आणि त्या अंत्य स्वराखालीं एक शेपटी काढतात. ती पूर्वीच्या अनुनासिकाची खूण होय. मराठीच्या जुन्या लेखनांतील अनुच्चारित अनुस्वारासारखी! परंतु असे शब्द जमवून भाषा येत नाहीं. खरी परीक्षा चौथ्या वाक्यांत आहे.

तेथें 'लापस' न म्हणतां 'लापो' कां म्हटलें? नकार आला कीं ही भाषा षष्ठी मागते. 'मताउ लापा', मी पान पाहतों. पण 'नेमताउ लापो', मला पान दिसत नाहीं. याहून मौज अशी कीं, अशा नामांचें एकवचनी षष्ठीरूप मूळचें पंचमीचें आहे. 'विल्को'चा जोडीदार 'वृकस्य' नसून 'वृकात्' आहे. लिथुआनियनमध्यें पंचमी स्वतंत्र उरली नाहीं, ती षष्ठींत मिसळली. झाडावरून पान पडतें, हें पंचमीचें आपलें शाळकरी उदाहरण. तिकडे 'मेज्यो' हें झाड आणि 'लापो' हें नाहीसें झालेलें पान, दोन्हीं त्या एकाच विभक्तींत उभीं आहेत.

अशीं चार वाक्यें छापणें हा एके काळीं गुन्हा होता. रशियन साम्राज्यांत १८६४ पासून १९०४ पर्यंत लिथुआनियन मजकूर रोमन लिपींत छापण्यास बंदी होती. रशियन लिपींतील पुस्तकें लोकांनीं घेतलीं नाहींत. पुस्तकें पूर्व प्रशियांत छापून चोरून सीमेपार आणलीं जात. तीं वाहणाऱ्यांस 'क्नीग्नेशियाइ' म्हणतात. पकडले गेलेल्यांपैकीं कित्येकांस सैबेरियांत धाडण्यांत आलें. त्या काळची शाळा पेट्रस रिमशा या शिल्पकारानें घडविली आहे: आई चरख्यावर सूत कातीत आहे, आणि शेजारीं मूल पुस्तक वाचीत आहे. त्या मुलाला 'लापो' कां आणि 'लापस' कां नव्हे, हें कोणी कोष्टकांतून सांगितलें नसावें.