करड्या ठोकळ्यांचा खेळ

व्हिडिओ गेमविषयीं सुशिक्षित घरांतून बहुधा दोनच उद्गार ऐकूं येतात. मुलांचा वेळ फुकट जातो, हा एक. आणि या धंद्यांत म्हणे अलोट पैसा आहे, हा दुसरा. हा खेळ कोणी तरी बसून घडविलेला असतो, आणि घडविणाराचे पहिले महिने मोठ्या अनिश्चित स्थितींत जातात, इकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. आतां तें द्यावयास हवें. कारण हा प्रश्न लहान गांवांतील घरांपर्यंत येऊन पोहोंचला आहे.

मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, जालना व परभणी यांच्या दरम्यान, परतूर हें तालुक्याचें गांव लागतें. समजा, तेथील एका तरुणास खेळ घडवावयाचा आहे. संगणकाची आज्ञावली लिहिण्याचें काम त्याचें. चित्रें काढणारी मैत्रीण नागपुरास, आणि खेळाचे नियम बसविणारा मित्र पुण्यास. या तिघांनीं एका छपराखालीं आलेंच पाहिजे काय? घरचीं माणसें नेमकें हेंच विचारतात. पुण्यास खोली घेतली म्हणजे दरमहा भाडें आलें, खानावळ आली. आणि खेळापासून वर्ष-दोन वर्षें तरी कवडीचें उत्पन्न नाहीं.

केवळ साधनांचा विचार केला तर कोणीं गांव सोडण्याचें कारण नाहीं. आर्जेंटिनांतील हुआन लिनिएत्स्की व आरिएल मान्सूर यांनीं रचलेलें ‘गोडो’ हें खेळ घडविण्याचें साधन २०१४ पासून सर्वांस मोफत खुलें आहे. चित्रांसाठीं ‘ब्लेंडर’ त्याच्याहि आधींपासून. विखुरलेल्या मंडळींनीं मोठा खेळ तडीस नेल्याचें उदाहरणहि आहे. ‘ओरी अँड द ब्लाइंड फॉरेस्ट’ हा २०१५ सालीं प्रसिद्ध झालेला नांवाजलेला खेळ ज्या मून स्टुडिओजनें घडविला, तेथील मंडळी निरनिराळ्या देशांत आपापल्या घरीं बसून काम करीत होती.

मग असे बेत मोडतात कां? बहुधा आरंभ भलत्या टोंकाकडून होतो म्हणून. प्रथम कथानक लिहिलें जातें, नायकाचा पोषाख ठरतो, संगीताची चर्चा रंगते. प्रत्येकाच्या मनांत एक खेळ तयार होतो. आणि ते तीन वेगळे खेळ असतात. एका खोलींत बसणाऱ्यांस हें शेजाऱ्याच्या पडद्यावर नजर जातांच कळतें. दूर बसणाऱ्यांस तें कळावयास दोन महिने लागतात, आणि तोंवर चित्रकर्तीचीं पन्नास चित्रें निकामी झालेलीं असतात.

याकरितां जाणते लोक आधीं करड्या ठोकळ्यांचा खेळ करतात. तिघांना विटीदांडूचा खेळ करावयाचा आहे, असें धरूं. विटी म्हणजे एक लहान ठोकळा, दांडू म्हणजे एक लांब ठोकळा, मैदान म्हणजे एक सपाट पाट. रंग नाहीं, झाड नाहीं, पोरांचा गलका नाहीं. विटीच्या टोंकावर दांडू मारला कीं ती उसळते आणि हवेंत असतांनाच तिला टोला द्यावयाचा. एवढ्यांत मौज वाटली पाहिजे. ती येथें नसेल तर मागाहून कितीहि सुंदर आमराई रंगविली तरी ती येणार नाहीं.

आतां टोला देण्यास सवड किती ठेवावी? पडद्यावरील हालचाल ही चलच्चित्राप्रमाणें एकामागून एक येणाऱ्या चौकटींची असते. पुण्याच्या मित्राचा संगणक नवा. तो सेकंदास ६० चौकटी दाखवितो. त्यानें नियम केला, टोल्यास ६ चौकटींची सवड. म्हणजे सेकंदाचा दहावा भाग झाला. परतूरचा संगणक जुना, सेकंदास २० चौकटींवर थकणारा. तेथें त्याच ६ चौकटींना सेकंदाचे तीन दशांश लागतात आणि विटीहि आळसावल्यासारखी तरंगते. पुणें म्हणतें, खेळ फार अवघड. परतूर म्हणतें, अगदींच सोपा. दोघेहि खरें बोलतात, आणि आठवडाभर एकमेकांच्या अकलेविषयीं शंका घेतात. सवड आणि विटीचा वेग चौकटींत न मोजतां वेळेंत मोजणें हा याला उपाय. परंतु तसें केल्यावर परतूरच्या पडद्यावर त्या दशांश सेकंदांत दोनच चौकटी दिसतात, आणि तेथें खेळ खरोखरीच अवघड होतो. मग सवड वाढवावी लागते. ज्यांनीं हा खेळ खेळावयाचा त्यांतील पुष्कळांजवळ साधेच फोन असणार; त्यामुळें परतूरचा तो रखडणारा संगणक या मंडळींचा खरा परीक्षक ठरतो.

दूर बसून काम करतांना दुसरी अडचण येते ती देवघेवीची. तिघांच्या कामाची नोंद ठेवण्यास लिनस टोरवाल्ड्स यांनीं २००५ सालीं रचलेलें ‘गिट’ वापरतात. आज्ञावली ओळींची असते, म्हणून दोघांनीं वेगवेगळ्या जागीं केलेले बदल तें जुळवून घेतें. एकच चित्र दोघांनीं बदललें तर मात्र एकाची मेहनत पाण्यांत जाते. यासाठीं चित्र हातीं घेण्यापूर्वीं तसें कळविण्याचा शिरस्ता पहिल्याच दिवशीं घालावा लागतो.

कच्चा नमुना उत्तम साधला म्हणजे पैका आपोआप येतो, अशी समजूत मात्र कोणीं करून घेऊं नये. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा संस्थेचा ‘राजी’ हा खेळ याची साक्ष देईल. अविचल सिंग, श्रुती घोष व इयान मॉड यांनीं उभारलेल्या या संस्थेनें २०१७ सालीं लोकवर्गणीचें आवाहन केलें, तें अपेक्षित रकमेपर्यंत पोहोंचलें नाहीं. खेळ २०२० सालीं बाहेर पडला. हरवलेल्या भावास शोधणारी राजी, छायाबाहुल्यांनीं सांगितलेली कथा आणि राजस्थानी वास्तूंचा थाट यांची वाखाणणी होऊन त्याच वर्षीं ‘द गेम अवॉर्ड्स’मध्यें पदार्पणाच्या खेळांत त्याचें नामांकन झालें. आवाहन फसल्यापासून तेथवर जवळजवळ तीन वर्षें गेलीं. इतका काळ तग धरण्याचें बळ परतूरच्या प्रत्येक घरांत असेल असें नाहीं. म्हणून तेथील पहिला खेळ ‘राजी’एवढा मोठा नसावा हेंच बरें.

तीन महिन्यांची मुदत, एक मैदान, एक टोला, एवढेंच प्रथम हातीं घ्यावें. मग तो करडा खेळ गांवांतील पांच-सहा मुलांच्या हातीं देऊन शेजारीं गप्प बसावें. समजावून सांगण्याचा मोह फार होतो. पण पुढें खेळ विकत घेणाराच्या शेजारीं कोणी बसलेला नसतो. मुलाचा अंगठा कोठें अडखळला, तो केव्हां कंटाळला, हें टिपून नागपूर-पुण्यास कळवावें. पहिला डाव संपल्यावर मुलानें कोणी न सांगतां दुसरा मांडला, तर चित्रकर्तीनें रंग काढावेत. न मांडला, तर नियम बदलून पाहावे. मुदत संपेतों तेंहि न साधलें, तर तो बेत तेथेंच सोडावा. तिघांचे वाटे किती, हें याच काळांत कागदावर उतरवून घ्यावें. मित्रांमित्रांत असें लिहावयास संकोच वाटतो खरा. खेळ विकला गेल्यावर तो अधिकच वाटूं लागतो.