स्वागताध्यक्षांचे भाषण



शके ९८२ चा शिलालेख अंगावर बाळगणाऱ्या शिवमंदिराच्या या अंबरनाथ गावी स्वागतसमितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. अनेक संगणकांकरवी नमुने काढण्याचे संख्याशास्त्र हा आपल्या परिषदेचा विषय; त्याचा या परिसराशी काय संबंध, असे कोणी विचारल्यास, २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान उल्हास नदीच्या पुराने महालक्ष्मी एक्सप्रेसला घातलेला वेढा मी पुढे करीन. कारण पाणी किती चढेल याचा एकच आकडा छातीठोकपणे सांगण्यापेक्षा, संभाव्य परिस्थितींचे सहस्रावधी नमुने काढून त्यांचा कल पाहणे अधिक शहाणपणाचे असते.

नमुना-सर्वेक्षणाच्या शास्त्रात सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी जागतिक कीर्ती संपादन केली. परंतु त्यांचे नमुने शेतातल्या उभ्या पिकाचे, आणि या परिषदेचे नमुने मेट्रोपोलिस या शास्त्रज्ञाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली घालून दिलेल्या रीतीने, गणिती वितरणातून यंत्राकरवी काढावयाचे. या रीतीत प्रत्येक पाऊल मागील पावलावर अवलंबून असते, व अशा पावलांची एक साखळी बनते. सबब शंभर संगणक दिमतीस दिले की काम शंभरपट लवकर उरकेल, ही समजूत भाबडी होय. उल्हासनगरच्या जीन्स शिवणाऱ्या कारागिरास हे शिकवावे लागत नाही: दहा जण दहा विजारी एकदम शिवतील, पण कापड बेतण्याआधी खिसा कोणालाच लावता येणार नाही. अनेक साखळ्या एकाच वेळी चालविता येतात खऱ्या. तथापि आरंभबिंदूचा प्रभाव ओसरेपर्यंतची उमेदवारी प्रत्येकीस स्वतंत्रपणे करावीच लागते, आणि तीच लांबली तर यंत्रांची फौज निव्वळ खर्चाची बाब ठरते. स्वेंडसन व वांग यांनी १९८६ साली मांडलेली, निरनिराळ्या तापमानांवरील प्रतिकृतींत अदलाबदल घडविण्याची युक्ती मला म्हणूनच मोलाची वाटते; तीत उष्ण प्रतिकृती दोन संभाव्य प्रदेशांमधले अल्प संभाव्यतेचे डोंगर लीलया ओलांडते आणि त्या भ्रमंतीचा लाभ थंड प्रतिकृतीच्या पदरात पडतो.

पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला, त्याहून अधिक गणनसामर्थ्य आज मेजावरील ग्राफिक्स कार्डात सामावते; यास्तव समितीने यंत्रांच्या प्रदर्शनास फाटा देऊन तो वेळ शोधनिबंधांवरील चर्चेसाठी मुक्रर केला आहे. वक्त्यांनी वेग किती वाढला एवढेच न सांगता, परस्परांशी असंबद्ध असे नमुने सेकंदाला किती हाती आले तेही सांगावे, ही माझी आग्रहाची विनंती. विजेचा खेळखंडोबा झाल्यास जनित्राची तजवीज केलेली आहे. परगावच्या पाहुण्यांना भोजनोत्तर मंदिर दाखविण्याची व्यवस्थाही आहे. आता सभेचे कामकाज मी अध्यक्षमहाशयांच्या स्वाधीन करतो.